टियांत बापलेक, दिहिगो, मारिचाल... तुमच्या गाठीला काय आहे?

बॉस्टनहून (धागा काढणारी)
ऑक्टोबर २०२४ मध्ये लुईस टियांत गेला, बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा जुना क्युबन पिचर (चेंडू टाकणारा). ऑफिसात जुनी मंडळी दिवसभर हळवी झालेली. मला ठाऊक काय, तर फेनवे पार्कबाहेर (रेड सॉक्सचं मैदान) त्याच्या नावाचा क्युबन सँडविचचा ठेला होता आणि कधीमधी तो स्वतः तिथे बसून सह्या द्यायचा. मी सँडविच खाल्लं, सही घेतली नाही. रांग मोठी होती. आता हळहळ वाटते.

मग वाचत बसले. त्याचे वडीलही लुईसच, आणि तेही पिचर. डावखुरे. हवानाहून येऊन 'न्यूयॉर्क क्युबन्स'कडून निग्रो लीगमध्ये (नाव तेच होतं तेव्हा; मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना बंदी, म्हणून त्यांची ही वेगळी लीग) खेळले, १९४७ ला त्यांच्या संघाने तिथली वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ती बंदी मोडून मोठ्या लीगमध्ये उतरला, पण तोवर थोरल्या टियांतनी चाळिशी गाठली होती. मुलाने अमेरिकेत जाऊन पिचर व्हावं हे त्यांना बिलकूल नको होतं. आपण भोगलं ते पोराच्या वाट्याला कशाला?

या किंवा अशा लॅटिनो पिचर्सबद्दल कुणी काही पाहिलं-ऐकलं असेल तर लिहा. बेसबॉल कळायलाच हवा असं नाही, मलाही अर्धाच कळतो.

कॅन्सस सिटीहून
लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी एटीन्थ अँड व्हाइनला निग्रो लीग्ज म्युझियम पाहिलं. आत शिरताच समोर छोटं मैदान आणि त्यावर खेळाडूंचे ब्राँझचे पुतळे दिसतात, पण मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. लेक म्हणाली, "आई, दार कुठंय?" दार शेवटी आहे. सगळा इतिहास फिरून झाल्यावरच मैदानात पाय ठेवता येतो. पिचरच्या जागी सॅचेल पेज, आणि त्याच्यासमोर बॅट घेऊन मार्तिन दिहिगो. हा क्युबाचा नामांकित पिचर, पण पठ्ठ्या सगळ्याच जागांवर खेळायचा, म्हणून इथे बॅटर. मोठ्या लीगमध्ये एकही सामना नाही. हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलची मानाची यादी) घेतलं १९७७ ला, तो वारल्यानंतर.

पुण्याहून
भाबडा प्रश्न: क्युबात गोरेही असतीलच की. त्यांचं काय?

न्यूजर्सीहून
@पुणे, प्रश्न भाबडा नाही. कॉलेजात मी यावरच पेपर लिहिला होता. १९०८ मध्ये सिनसिनाटीचा संघ हवानाला गेला, तिथे पिचर होसे मेंदेसने त्यांना सामनाभर एकच यशस्वी फटका (हिट) मारू दिला, धाव एकही नाही. मेंदेस काळा, त्याला दार बंद. पुढे त्याच सिनसिनाटीकडून आदोल्फो लुके हा पिचर खेळला, १९२३ मध्ये २७ सामने जिंकले. लुकेही क्युबनच, पण गोरा. बेट एक, भाषा एक, खेळ एक. प्रोफेसरांनी समासात नुसतं 'मग?' लिहून 'बी' ग्रेड दिली होती. अजून राग आहे.

सॅन होजेहून
सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मैदानाबाहेर त्यांचा जुना डोमिनिकन पिचर मारिचालचा पुतळा आहे, चेंडू टाकताना डावा पाय पार आभाळात. साठच्या दशकात तिथल्या मॅनेजरने लॅटिनो खेळाडूंना क्लबहाउसमध्ये स्पॅनिश बोलू नका म्हणून सांगितलं होतं. मला पहिल्या नोकरीत मराठी मित्राशी जेवताना "इंग्लिश प्लीज" ऐकावं लागलंय, आणि मी चक्क सॉरी म्हटलं होतं.

कॅरीहून (नॉर्थ कॅरोलिना)
धाकटा टियांत १९६३ ला आमच्या इथून तासाभरावरच्या बर्लिंग्टनला खेळायचा. शेजारच्या ग्रीन्सबरोत गोऱ्यांपुरत्या जेवणाच्या काउंटरवरचा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा तो प्रसिद्ध सत्याग्रह १९६० चा, म्हणजे तीन वर्षं उलटूनही कृष्णवर्णीयांचं खाणं-राहणं वेगळंच. शिवाय हा पोरगा इंग्रजीत कच्चा आणि कॅस्ट्रोच्या राजवटीमुळे क्युबाला परतायची वाट बंद. आमचे शेजारी आजोबा कृष्णवर्णीय आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, आम्हाला कुठे थांबायचं नाही ते आईबापांनी शिकवलं होतं, त्याला कोण शिकवणार?

तरी पुढच्याच वर्षी १९ जुलैला यँकी स्टेडियमवर मोठ्या लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने न्यूयॉर्क यँकीजना शून्यावर ठेवलं!

बॉस्टनजवळून, वय वर्षे ७६
धागा आज पाहिला. ताई, मी तिथे, फेनवेला होतो. २६ ऑगस्ट १९७५. शिकायला आलेलो, रूममेटने ओढून नेलं. सिनेटर मॅकगव्हर्नने कॅस्ट्रोकडे शब्द टाकला म्हणून टियांतच्या आईवडिलांना येता आलं होतं. मुलाला कित्येक वर्षांनी भेटत होते. सामन्याआधी पहिला चेंडू म्हाताऱ्याने टाकायचा. औपचारिकच असतो तो, कसाही टाकला तरी टाळ्या.

म्हातारबुवांनी कोट उतरवला, लेकाच्या हातात दिला. शिस्तीत पूर्ण पवित्रा घेऊन टाकला, तर खाली गेला. सगळं फेनवे उभं राहून टाळ्या वाजवतंय आणि हे हलेनात. चेंडू परत मागितला. दुसरा टाकला तो नीट कॅचरच्या हातमोज्यात.

त्या संध्याकाळी मुलगा सामना हरला. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे तो हातावर कोट घेऊन शेजारी उभा राहिलेला लेक.