मदत हवी आहे: पद्मिनी तापली की चढावर मिसिंग

वडिलांची 1989 ची प्रीमियर पद्मिनी आहे, 1089 सीसी, कार्ब्युरेटर मूळचाच. थंड असताना चोकवर (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) लगेच सुरू होते, गावात सुरेख पळते. पण इंजिन तापून खंबाटकीचा चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये मिसिंग सुरू. झटके खाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तितकी आणखी दबते. बॉनेट उघडून निवू दिली की पुन्हा ठणठणीत.

महत्त्वाची खूण ही: झटके चालू असताना चोक जरासा ओढला तर गाडी लगेच सावरते. प्लगही पांढुरके निघाले. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय, असं मला वाटतं. आमचे मेस्त्री मात्र इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तापते म्हणतात. पण दोष कॉइलचा असता तर चोकने एवढा फरक पडला असता का?

पॉइंट, कंडेन्सर, प्लग, पेट्रोल फिल्टर नवे आहेत. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) काढून हवा मारून साफ केले. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) आणि टाकीपासूनचे रबरी पाइप मात्र जुनेच आहेत. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं, म्हणून माझा पहिला संशय तिथेच.

पंपाचा दाब घरच्या घरी कसा तपासावा? मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून हवा शिरतेय का, हे कसं ओळखायचं? आणि डायफ्रॅमचा चांगला किट पुण्या-मुंबईत कुठे मिळेल? ही गाडी वडिलांचा जीव की प्राण आहे, अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.