रवांडातला आरटीएलएम रेडिओ: साध्या माणसांना तो आपला का वाटला?

कोयना: १९९४ मध्ये रवांडात हुतू कट्टरपंथीयांनी अल्पसंख्य तुत्सींचा नरसंहार केला. त्याआधी लोक या कट्टरपंथीयांचा हा खासगी रेडिओ आवडीने ऐकत. इतका उघड द्वेष गळी उतरला कसा?

रानवारा: सुरुवात द्वेषाने झालीच नाही. जुलै १९९३ मध्ये स्टेशन सुरू झालं तेव्हा कान खेचले गाण्यांनी. सरकारी रेडिओ कडक, पुस्तकी; इथे निवेदक किन्यारवांडा या स्थानिक भाषेत पारावरच्या गप्पा मारायचे, थट्टा करायचे, श्रोत्यांचे फोन घ्यायचे. विश्वास बसला, मग हळूहळू विष. 'इन्येंझी' म्हणजे झुरळ. १९६० च्या दशकातल्या तुत्सी बंडखोरांसाठीचा हा शब्द सरसकट तुत्सी शेजाऱ्यालाही चिकटवला.

तळटीप: रानवारा, त्यात भीती धरा. कॉफीचे भाव १९८९ मध्ये कोसळलेले, १९९० पासून तुत्सी बंडखोरांशी युद्ध. 'आपण गप्प बसलो तर ते आपल्याला संपवतील' हे स्वसंरक्षणासारखं ऐकू येतं, आणि खरी घातक जागा हीच. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडल्यावर तर मारायच्या माणसांची नावं, त्यांच्या गाड्यांचे नंबर प्रसारित झाले.

रानवारा: मान्य. पण सगळं रेडिओवर ढकलू नका. डोंगराळ भागात तो नीट पोचतही नव्हता; तिथे स्थानिक अधिकारी आणि रस्त्यावरचे नाके यांचा दबाव पुरला.