आयडलवर इंजिन थरथरते: थ्रॉटल बॉडी साफ करावी की आधी दुसरे काही तपासावे?

प्रश्न

माझ्याकडे चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे आणि ती सुमारे ९५,००० किलोमीटर चालली आहे. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा थ्रॉटल केबलवर चालतो, आयडलच्या (गाडी उभी, इंजिन चालू) हवेसाठी वेगळा व्हॉल्व्ह आहे आणि एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर आहे. गेल्या दोन महिन्यांपासून गाडी उभी असताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) ७५० वरून ५०० पर्यंत खाली येतो, पुन्हा सावरतो, आणि त्या वेळी स्टिअरिंग इतके थरथरते की आरशातले प्रतिबिंब अस्पष्ट होते. एसी लावला की इंजिन बंद पडते की काय असे वाटते, मात्र गाडी धावत असताना कोणतीही तक्रार नाही. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत, आणि इंजिनचा इशारा देणारा दिवा एकदाही लागलेला नाही. एका मेकॅनिकने इंधन फवारणारे इंजेक्टर बदलायला सांगितले, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी, म्हणजे थ्रॉटलची पाकळी बसवलेली नळी, साफ करायला. दुसरे काम मी घरी करू शकेन असे वाटते, परंतु ते कोणत्या क्रमाने करावे आणि त्यात काय बिघडू शकते, हे कृपया कोणी सांगावे.

पहिले उत्तर

इंजेक्टरला हात लावण्याआधी थ्रॉटल बॉडी उघडून पाहा. आयडलवर थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद असते आणि इंजिनला लागणारी सगळी हवा पाकळीच्या कडेची केसाएवढी फट व आयडल व्हॉल्व्हचा अरुंद मार्ग यांतूनच येते. क्रँककेसमधली (इंजिनच्या खालच्या, तेल असलेल्या भागातली) तेलकट वाफ एका पाइपने पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, सोडलेली असते. तिचा थर नेमका या फटीवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि कालांतराने डांबरासारखी काळी कड तयार होते. वेगात पाकळी बरीच जास्त उघडी असल्यामुळे तेवढा थर जाणवत नाही, म्हणूनच तुमची तक्रार फक्त उभ्या गाडीत आहे.

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीचे ऋण टोक काढा, हवेचा रबरी पाइप सोडवा आणि थ्रॉटल बॉडीसाठी मिळणारा क्लीनर कापडावर फवारून पाकळीच्या दोन्ही बाजू, तिची कड आणि ती जिथे टेकते ती भिंत पुसा. पाकळीच्या मागच्या बाजूची कड बहुतेक जण विसरतात, आणि सगळ्यात जास्त घाण तिथेच असते. पत्र्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, कारण काही थ्रॉटल बॉडींच्या आत कारखान्यातूनच गडद रंगाचा लेप दिलेला असतो, तो कार्बन समजून काढला तर फट कायमची वाढते. आयडल व्हॉल्व्ह काढून त्याचे टोक व समोरचे छिद्र साफ करावे, पण त्याच्या विजेच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नये आणि टोक बोटाने आत दाबू नये. आणखी एक गोष्ट: पाकळी जिथे थांबते तिथला छोटा स्क्रू फिरवून आयडल वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळा.

दुसरे उत्तर

वरील पद्धत बरोबर आहे, परंतु तिच्यापासून सुरुवात करणे मला पटत नाही. अडलेली हवा आणि चोरून आत येणारी हवा, दोन्हींमुळे आयडल बिघडतो, पण दोन्हींची खूण वेगळी असते आणि ती साध्या स्कॅनरवर, म्हणजे इंजिनच्या संगणकाला जोडून त्यातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसते.

तुमच्या इंजिनात सेन्सर हवा मोजतो आणि त्या मापाने इंधन सोडले जाते. थ्रॉटलवर कार्बन साचला तर हवा कमी येते, पण जेवढी येते तेवढी मोजलेली असते. त्यामुळे इंधनही त्याच प्रमाणात कमी होते आणि मिश्रण बिघडत नाही. उलट सेन्सरच्या पुढे कुठे पाइप फाटला असेल तर तिथून शिरणारी हवा कोणी मोजतच नाही. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे साधारण १४.७ भाग हे गणित कोलमडते, ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे कळवतो आणि संगणक इंधन वाढवत जातो. ही वाढ स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून टक्क्यांत दिसते. इंजिन गरम झाल्यावर आधी आयडलवर आणि मग २,५०० आरपीएमवर अल्पकालीन (त्या क्षणाच्या) व दीर्घकालीन (शिकून साठवलेल्या) ट्रिमची बेरीज पाहा. आयडलवर आकडा दहा टक्क्यांच्या वर आणि २,५०० वर शून्याच्या आसपास असेल, तर हवा कुठून तरी आत शिरते आहे, कारण वेगात एकूण हवाच इतकी वाढते की तेवढी चोरी त्यात लपून जाते. दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, ट्रिम बराच वर जाईपर्यंत तो लागत नाही.

क्रँककेसच्या वाफेचा पाइप, ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) पाइप आणि मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचे) गॅस्केट या तीन जागा आधी पाहाव्यात. गळती शोधण्यासाठी चालू, तापलेल्या इंजिनावर क्लीनर फवारण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण तो भडकतो. पाइप एकेक करून पक्कडीने हलकेच दाबून आयडल बदलतो का पाहणे, किंवा गॅरेजमध्ये धुराची चाचणी करून घेणे चांगले.

तिसरे उत्तर

हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थ्रॉटलचा क्लीनर मारू नका. त्यातली तार फार नाजूक असते, तिच्यासाठी मिळणारा वेगळा क्लीनर लांबून फवारून तो वाळू द्यावा, कापड किंवा ब्रश लावू नये. हा धागा पुढे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा थ्रॉटल मोटरवर चालतो, त्यांनी इग्निशन चालू असताना पाकळीत बोट घालू नये आणि ती जबरदस्तीने ढकलू नये. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात तर इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही. तिथला कार्बन टाकीत टाकायच्या औषधाने निघत नाही, मॅनिफोल्ड उतरवूनच काढावा लागतो.

प्रश्नकर्ता

दोन्ही सल्ले पाळले, आणि दोन्ही खरे निघाले. आयडलवर ट्रिमची बेरीज १४ टक्के होती आणि २,५०० आरपीएमवर २. वाफेच्या पाइपचा कोपरा वरून धडधाकट दिसत होता, पण हाताने वाकवल्यावर खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली. रबर तेलाने फुगून खोबणीतल्या मेणासारखे मऊ झाले होते. पाइप बदलल्यावर आकडा ३ वर आला आणि थरथर बरीच कमी झाली, तरी एसी लावल्यावर आरपीएम पडतच होता. मग थ्रॉटल बॉडी साफ केली आणि पांढरे कापड चार घड्या पालटूनही काळेच होत राहिले. त्यानंतर मात्र आयडल १,२०० वर जाऊन बसला, तेव्हा काहीतरी मोडले असे वाटले. अर्धा तास गाडी चालवून आल्यावर तो ७६० वर स्थिर झाला आणि आता एसी लावल्यावर काटा जेमतेम हलतो. तो मधला १,२०० कशामुळे?

पहिले उत्तर देणारे

साचलेल्या घाणीला पुरून उरण्यासाठी संगणकाने आयडल व्हॉल्व्ह हळूहळू जास्त उघडा ठेवायला सुरुवात केली होती. घाण गेली, पण ती सवय लगेच गेली नाही. काही गाड्यांत ती अशी आपोआप जाते, काहींत स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते. ट्रिम आधी पाहायला हवा होता, हे मान्य. आता वाफेच्या मार्गातला व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवून पाहा; आत खुळखुळ ऐकू आली नाही, तर तो अडकला आहे आणि पाइपसारखा तोही बदलून घ्या.