बी. फार्म.चे पर्याय भरले, आता मन डळमळतंय

रानजाई
सीईटीच्या पहिल्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत चौथा पर्याय लागला: घरापासून १४ किलोमीटरवरचं खासगी कॉलेज, लातूर जिल्ह्यातलं. जागा फ्रीझ (पक्की) न करता बेटरमेंट घेतलं, म्हणजे ही हातात ठेवून पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळतो का बघायचं. दुसऱ्या फेरीसाठी कराडचं शासकीय फार्मसी महाविद्यालय सर्वांत वर टाकलंय. मागच्या वर्षीचा कट-ऑफ माझ्या पर्सेंटाइलच्या अगदी जवळ, म्हणजे लागूही शकतं. पण लागलं की पहिला पर्याय म्हणून आपोआप फ्रीझ, आणि घराजवळची जागा गेली. मामा म्हणतात पुण्याच्या खासगी विद्यापीठात थेट प्रवेश घे. आई म्हणते, सिलॅबस सगळीकडे एकच, मग एवढ्या लांब कशाला? अर्ज परवापर्यंत बदलता येईल. झोप उडाली आहे.

मेडिकलवाले काका
बाळा, आईचं ऐक. पीसीआयने (भारतीय फार्मसी परिषदेने) २०१७ पासून देशभर एकच अभ्यासक्रम आणलाय. नोंदणीही सगळ्यांची एकाच राज्य कौन्सिलकडे. माझ्या दुकानात २२ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या प्रमाणपत्रात कॉलेजचं नाव शोधलेलं नाही. चार वर्षांचं हॉस्टेल, मेस, येणं-जाणं वाचव आणि त्या पैशात जीपॅटचा, म्हणजे एम. फार्म.च्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लाव.

वाळूजकर
काका, तिला दुकान टाकायचंय असं ती कुठे म्हणाली? मी औषध कंपनीत क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) आहे, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. डिसोल्यूशनला (गोळी द्रवात किती विरघळते त्या चाचणीला) माध्यम किती, तापमान किती विचारलं की ९०० मिली, ३७ अंश हे सगळे घडाघडा सांगतात. मग म्हणतो, नमुना काढून दाखव. तिथे निम्मे अडतात. सिरिंजचं टोक द्रवाचा पृष्ठभाग आणि पॅडलचा (ढवळणाऱ्या पात्याचा) माथा यांच्या मधोमध हवं, भांड्याच्या काचेपासून किमान एक सेंटीमीटर आत. हे चार वेळा स्वतः केल्याशिवाय हातात बसत नाही. माझ्या कॉलेजात एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) कायम प्लास्टिकचं कव्हर, ते निघायचं फक्त तपासणी समिती आली की. पहिल्या नोकरीत सहा महिने त्या यंत्राला हात लावायची भीती वाटायची. कराड बदलू नकोस.

दोन लेकींची आई
पुण्याचं ठरवण्याआधी फीचं बघ गं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा, आणि खासगी व अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत. आमच्या थोरलीची जागा आम्ही घाईघाईत संस्थास्तरावर, म्हणजे कॅपबाहेर थेट कॉलेजातून, घेतली. महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं, आणि तोवर फार उशीर झाला होता. या अटींत बसत असशील तर तुझ्या दोन्ही कॅपच्या जागांना ही माफी मिळेल, म्हणजे फरक उरतो तो राहण्या-खाण्याचा. तरी वाळूजकर, लेक पहिल्याच वर्षी तापाने फणफणते तेव्हा एका रात्रीचं अंतर केवढं असतं, ते कुठल्याही आईला विचारा. कराड लागलं तर वसतिगृहाची जागा पक्की झाल्याशिवाय निघू नका.

मोहाली रिटर्न
वाळूजकरांचं अर्धंच पटलं. मी तालुक्याच्या कॉलेजातून आले. जीपॅट निघाली, एम. फार्म.ला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळालं आणि सगळी यंत्रं तिथे शिकले. शासकीय म्हणजे सगळं उत्तम हेही खरं नाही, प्राध्यापकांची पदं कित्येक ठिकाणी रिकामी असतात. रानजाई, हातातली जागा १४ किलोमीटरवर आहे ना? उद्याच जाऊन बघ. प्रत्येक मोठ्या यंत्राशेजारी लॉगबुक असतं: तारीख, कोणी वापरलं, किती वेळ. ते उघडायला सांग. सहाव्या सेमिस्टरनंतरचं १५० तासांचं प्रशिक्षण कुठे झालं हे प्राचार्यांना विचारू नकोस, शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचार.

मेडिकलवाले काका
बारावीच्या पोरीला लॉगबुक कोण दाखवणार? आणि यंत्रं काय, नोकरी लागली की शिकताच येतात. वाळूजकर स्वतःही तसेच शिकले ना?

वाळूजकर
शिकलो, पण ते सहा महिने दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून तर लिहितोय.

रानजाई
आज बाबांबरोबर जाऊन आले. प्रयोगशाळेतल्या दादांनी आढेवेढे न घेता वह्या समोर ठेवल्या. एचपीएलसीची शेवटची नोंद फेब्रुवारीची, त्याआधीची थेट गेल्या ऑगस्टची. यूव्ही यंत्राच्या वहीत मात्र जवळपास रोज कुणीतरी सही केलेली, आणि गोळ्यांच्या मशीनच्या डायमध्ये ताजी पावडर होती. शेवटच्या वर्षाच्या दोघी भेटल्या. एकीचं प्रशिक्षण सरकारी दवाखान्यात झालं, दुसरीचं गावातल्या मेडिकलमध्ये. कंपनीत वर्गातली तीनच मुलं गेली, तीही ओळखीने.

पुण्याचा विचार सोडला. कराड वरच ठेवतेय. नाही लागलं तर ही जागा आहेच आणि काका, मग क्लास नक्की लावेन. बाबा वसतिगृहासाठी सकाळी कराडला फोन लावणार आहेत. आई अजून हो म्हणालेली नाही. ताई, तुमचा फीचा मजकूर तिला वाचून दाखवला. तापाचं वाचलं तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली. उद्या पाचपर्यंत वेळ आहे, रात्री तिच्याशेजारी झोपून बोलते.