जलाशयातील तूट आणि आधिक्य कशावरून ठरवावे: पातळी की संभाव्यता? मदत हवी आहे

नमस्कार. एकाच नदीवर एकाखाली एक असलेल्या दोन मोठ्या जलाशयांच्या परिचालनाचे एक साधे प्रारूप मी मासिक ताळेबंदाच्या आधारे तयार करत आहे. आवक, बाष्पीभवन, विसर्ग आणि साठा यांचा हिशेब जुळला आहे. परंतु येणारे वर्ष तुटीचे की आधिक्याचे हे ते सुरू होण्यापूर्वीच कशावरून ठरवावे, याचा पटेल असा निकष सापडत नाही.

अभ्यासासाठी मी अमेरिकेतील कोलोरॅडो नदी घेतली आहे, कारण तिथे हा निर्णय दरवर्षी घ्यावाच लागतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या हुकूमनाम्यानुसार अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या तीन राज्यांचा मिळून वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभे राहील इतके पाणी) वापर भागेल इतके पाणी उपलब्ध असेल तर वर्ष सामान्य, जास्त असेल तर आधिक्याचे आणि कमी असेल तर तुटीचे. मात्र ‘उपलब्ध’ कशाला म्हणायचे, हे यातून उलगडत नाही. एवढ्या मोठ्या साठ्यातून यंदापुरते पूर्ण वाटप बहुतेक वेळा करता येतेच. खरा प्रश्न तसे केल्यावर पुढच्या तीन-चार वर्षांसाठी काय उरते, हा आहे.

पहिला मार्ग पातळीचा. २००७ च्या मार्गदर्शक नियमांनुसार खालच्या मीड जलाशयाची येत्या १ जानेवारीची समुद्रसपाटीपासूनची पातळी ऑगस्टमध्येच अंदाजली जाते. ती १,०७५ फूट किंवा त्याखाली गेली की अ‍ॅरिझोना आणि नेवाडाच्या वाट्यात मिळून ३,३३,००० एकर-फूट कपात होते, १,०५० च्या खाली ४,१७,००० आणि १,०२५ च्या खाली ५,००,०००. तूट प्रथमच जाहीर झाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, २०२२ या वर्षासाठी. हा निकष कोणालाही पडताळता येतो आणि शेतकऱ्याला पेरणीपूर्वी आकडा कळतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

पण इथेच माझी अडचण सुरू होते. वरच्या पॉवेल जलाशयातून वर्षाला ८२.३ लाख एकर-फूट आले तरी तीन राज्यांचे वाटप, १९४४ च्या करारानुसार मेक्सिकोला द्यायचे १५ लाख आणि बाष्पीभवन यांची बेरीज मधल्या उपनद्यांची भर धरूनही आवकेपेक्षा जास्त भरते. म्हणजे कागदावर ‘सामान्य’ असलेल्या वर्षातही मीडची पातळी उतरतच राहते, आणि ती १,०७५ ला टेकेपर्यंत नियम मात्र काहीच बोलत नाही. तूट खरोखर सुरू होते ती त्याच्या कितीतरी आधी, असे माझे मत झाले आहे.

दुसरा मार्ग संभाव्यतेचा. जुन्या अभ्यासांत १,०५० फुटांची पातळी ८० टक्के संभाव्यतेने राखता यावी, अशा बेताने तुटीचे प्रमाण ठरवलेले दिसते. आधिक्यासाठी, शंभरापैकी सत्तर वर्षांत ओलांडली जात नाही एवढी आवक पुढील वर्षी होईल असे धरून, ते सगळे पाणी साठवता येते की सोडून द्यावे लागते हे पाहिले जाई. विचार म्हणून मला हा अधिक योग्य वाटतो, पण संभाव्यता कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून काढायची? १९०६ पासूनची संपूर्ण नोंदमाला घेतली तर निर्णय एक येतो आणि २००० नंतरची कोरडी वर्षे घेतली तर त्याच पातळीला वेगळा. नदीखोऱ्यातील राज्यांच्या १९२२ च्या करारातले मूळ वाटपच असाधारण ओल्या वर्षांच्या नोंदींवर बेतलेले होते, हे पाहता मी या निवडीबाबत साशंक आहे.

आधिक्याच्या बाजूला धोका वेगळा आहे. १९८३ मध्ये जलाशय जवळजवळ भरलेले असताना बर्फ उशिरा आणि एकदम वितळले, तेव्हा पॉवेल जलाशय ज्यामुळे तयार झाला त्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या दरवाजांवर प्लायवुडच्या फळ्या उभारून पाणी अडवावे लागले. असा धोका टाळण्यासाठी तेथील पूरनियंत्रण नियम १ जानेवारीला ५३.५ लाख एकर-फूट जागा रिकामी मागतो. मोजमाप पाण्याचे नव्हे, रिकाम्या जागेचे.

जलाशय परिचालनाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांना माझी विनंती आहे की तुटीसाठी पातळी आणि आधिक्यासाठी रिकामी जागा असे दोन निरनिराळे निकष एकाच प्रारूपात ठेवणे ग्राह्य आहे का, हे कृपया सांगावे. तसेच अकारण जाहीर झालेल्या तुटीचे नुकसान आणि उशिरा जाहीर झालेल्या तुटीचे नुकसान यांना समान भार द्यावा की दुसऱ्याला जास्त, आणि तो भार प्रत्यक्षात कशावरून ठरवला जातो, यावरही मार्गदर्शन हवे आहे. नोंदमाला निवडण्याबाबत कोणी ठाम भूमिका घेतली असेल, तर तिच्यामागची कारणे सविस्तर वाचायला आवडतील.