वॉल्टर ब्रेननचे तीन ऑस्कर: अभिनय की मतांचं गणित?

तिसरी रांग: हॉलिवूडचा नट वॉल्टर ब्रेननला सहायक अभिनेत्याचे तीन ऑस्कर मिळाले, 1936, 1938 आणि 1940 च्या चित्रपटांसाठी. दुसऱ्या कुठल्याही नटाला हे जमलेलं नाही. पण तेव्हा हॉलिवूडमधल्या एक्स्ट्रांनाही मत होतं आणि ब्रेनन त्यांच्यातूनच वर आलेला. त्यांनी आपल्या माणसाला भरभरून मतं दिली. पुढे त्यांचा हा हक्कच काढून घेतला गेला. बाकी कवळी काढायची, लंगडायचं, कुरकुरायचं. वेस्टर्नमधला (काउबॉयपटांतला) म्हातारा साथीदार तो एकाच साच्यातून काढत राहिला.

रानवाट: मतांचं मान्य. पण तिसरा ऑस्कर देणारा 'द वेस्टर्नर' (1940) पाहून साच्याचं बोला. ब्रेननचा न्यायाधीश रॉय बीन माणसं फासावर चढवतो आणि लिली लँगट्री या नटीवर मात्र जीव ओवाळून टाकतो. तिच्या प्रयोगाची सगळी तिकिटं घेतो, जुना लष्करी गणवेश चढवून रिकाम्या सभागृहात एकटा बसतो. पडदा वर जातो तर समोर नायक गॅरी कूपर! तोवर ब्रेननने त्या खुनशी माणसाबद्दल आपल्याला कळवळा वाटायला लावलेला असतो. तेव्हा ब्रेनन जेमतेम 46 वर्षांचा होता.

तिसरी रांग: बीन उत्तमच, पण ती जवळपास नायकाच्या तोडीची भूमिका. 'सहायक' म्हणून मोजणं हाच इतरांवर अन्याय. आणि 'रिओ ब्राव्हो' (1959) मधला स्टम्पी? परत लंगडा, परत कटकट्या.

काळी माती: स्टम्पीची कटकट कथेत कामाला येते. त्याला तुरुंगाचं दार सोडता येत नाही, म्हणून तो धुसफुसतो. त्याच ताणात, अंघोळ करून नवे कपडे घालून आलेल्या ड्यूड या साथीदाराला न ओळखता तो गोळी झाडतो. 'रेड रिव्हर' (1948) मध्ये रसदगाडी हाकणारा ग्रूट पोकरमध्ये कवळी हरतो, आपण हसतो. पण मालक डन्सन चुकतोय हे त्याला तोंडावर सुनावतो तोही ग्रूटच. हसवणाऱ्या माणसाचं ते बोलणं म्हणूनच जड पडतं.

रानवाट: आणि 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (1946) मधला क्लँटन? ना लंगडणं, ना कुरकुर. मार्शल वायट अर्पसमोर नमतं घेतो आणि त्याची पाठ वळताच पोरांना चाबकाने फोडून काढतो, पिस्तूल उपसलं तर मारायचंच, असं बजावत. याला ऑस्कर नाही, नामांकनसुद्धा नाही.

तिसरी रांग: क्लँटनचं पटलं. ते एक बक्षीस मी मतमोजणी न विचारता दिलं असतं. 1938 च्या 'केंटकी'च्या ऑस्करचं मात्र अजूनही पटत नाही.