पार्सनिपची धिरडी फाटू नयेत म्हणून
ताई, उलटताना धिरडी फाटतात म्हणालात. लेकीकडे इंग्लंडला होते तेव्हा माझीही पहिली दोन फाटली. पार्सनिप म्हणजे गाजराच्याच कुळातलं पांढरट कंदमूळ, पण मोठं असलं की मधला दांडा लाकडासारखा चिवट होतो. तो काढूनच किसा. किसाला मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. ते पाणी फेकू नका, त्यातच पीठ भिजवा. दोन वाट्या किसाला अर्धी वाटी बेसन, दोन चमचे तांदळाची पिठी, जिरं, ठेचा. आच मंदच हवी, गोडव्यामुळे पटकन करपतात. कडा तांबूस होऊन आपोआप सुटल्या की मगच उलथनं घाला. साताऱ्याच्या मंडईत मला पार्सनिप कधी दिसलं नाही, म्हणून इथे महाबळेश्वरच्या गाजरांची करते. फार सुरेख होतात!